आरोग्य सेविकेची बढती

लसीकरण सत्राच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून, म्हणजे पीएचसीतून, लसीची पेटी उपकेंद्रावर पोचते, तेव्हा ओट्यावर सात-आठ आया बाळं घेऊन बसलेल्या असतात. पेटीत चारी बाजूंनी आइस-पॅक, मध्ये कुप्या. सिस्टर, म्हणजे आरोग्य सेविका, आधी कुपीवरचा छोटा चौकोन बघते. भोवतालच्या वर्तुळापेक्षा तो फिका असेल तर लस चांगली. वर्तुळाइतका गडद झाला असेल तर उष्णतेने लस गेली, कुपी बाजूला. गोवर-रुबेलाची भुकटी द्रावणात मिसळली की कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांनंतर त्यातला थेंबही कुणाला द्यायचा नाही. मग एकेक अडचण पुढे येते. एका बाळाला सर्दी झालीय, टोचायचं का? साध्या सर्दीने लस अडत नाही, पण ताप आहे का ते ती बघते आणि ठरवते. दुसरी आई दहाव्या आठवड्याचा पेंटा चुकवून चार महिन्यांनी उगवली आहे. तिच्या बाळाचं पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेले डोस पुढे चालू ठेवायचे असतात. तेवढ्यात आठव्या महिन्यातली एक मुलगी ‘पाय सुजलेत’ म्हणत येते. रक्तदाब 150/100. लघवी तपासली तर त्यात प्रथिनं. सिस्टर 102 ची गाडी बोलावते, चिठ्ठी लिहिते, आशाताईला सोबत बसवून मुलीला रवाना करते आणि परत बाळांकडे वळते.

सकाळभरात घेतलेले हे सगळे निर्णय वैद्यकीय आहेत. लस द्यायची की थांबायचं, कुणाला इथेच बघायचं आणि कुणाला ताबडतोब वर पाठवायचं, हे ठरवताना जवळ डॉक्टर नसतो. तो दहा-पंधरा किलोमीटरवर पीएचसीत असतो, आणि तिथेही बैठकीला गेलेला असू शकतो. दुपारनंतर हीच बाई रजिस्टरं उघडते, मग टॅबवर ‘अनमोल’ ॲपमध्ये तीच नावं पुन्हा भरते, रेंज मिळाली तर.

अशी वीस वर्षं काढलेली सेविका कागदोपत्री कुठे असते? जिथे नोकरीला लागली, तिथेच: आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम. जिल्हा परिषदेच्या कायम नोकरीत असेल तर तिला सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळतो. दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, पद मात्र मिळत नाही. बढत्या रखडलेल्या कर्मचाऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून काढलेली ही तोड आहे आणि घरखर्चाच्या दृष्टीने ती चांगलीच आहे. पण तिच्यात एक कबुलीही दडलेली आहे. या बाईला वर न्यायला जागा नाही हे शासनाला माहीत आहे, म्हणून ते तिला निदान वरचा पगार देतं.

जागा का नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. 1946 साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला, तेव्हा साधारण 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. पूर्ण शिकलेल्या नर्सेस पुरेशा संख्येने तयार व्हायला पिढी-दोन पिढ्या जाणार हे उघड होतं. म्हणून 1950 च्या दशकात दोन वर्षांच्या शिक्षणाची सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजेच एएनएम, आली. गावात सुरक्षित बाळंतपण करणं आणि आई-बाळाकडे लक्ष ठेवणं हे तिचं काम. तिच्यावर देखरेखीला लेडी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे एलएचव्ही. ही रचना तात्पुरती मानली गेली होती. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींना आयुष्य मोठं असतं.

मग कुटुंबनियोजन आलं. 1960 च्या दशकात लूप आणि त्यामागोमाग शस्त्रक्रियेच्या ‘केसेस’. दाईचं कसब शिकून आलेली बाई मार्च एंडला टार्गेट पुरं करण्यासाठी दारोदार फिरू लागली. जुन्या सेविका आजही त्या दिवसांबद्दल बोलताना बाळंतपणांची संख्या सांगत नाहीत, केसेसची सांगतात; कारण वरून विचारणा तेवढ्याचीच व्हायची. ही टार्गेटं अधिकृतपणे बंद व्हायला 1996 उजाडलं.

दरम्यान 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने आणखी एक बदल सुचवला. मलेरियाचा वेगळा, देवीच्या लसीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा असे कर्मचारी एकाच गावात फिरत होते. त्यांच्याऐवजी एक पुरुष आणि एक स्त्री असे बहुउद्देशीय कर्मचारी असावेत, असं समितीचं म्हणणं होतं. कल्पना शहाणपणाची होती. पण त्यानंतर 1977 मध्ये एएनएमचं शिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आलं. काम वाढवताना शिक्षण कमी करण्याचा हा प्रकार पुढे दुरुस्त झाला आणि अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला. पण मधल्या काळात शिकलेल्या बायकांनीच पुढची दोन-तीन दशकं ग्रामीण आरोग्यसेवा ओढली. एलएचव्हीचं स्वतंत्र, लांब शिक्षणही याच सुमारास मागे पडलं. पाच वर्षं नोकरी झालेल्या एएनएमला सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन एलएचव्ही करायचं ठरलं. आपल्याकडे तिलाच आरोग्य सहायिका म्हणतात. सेविकेच्या वाट्याची खरी बढती ही एवढीच.

आता आकडे बघा. सपाट भागात 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 मागे एक. सहा उपकेंद्रांवर एक सहायिका. महाराष्ट्रात 10,500 हून अधिक उपकेंद्रं आहेत. म्हणजे साध्या हिशेबाने सहा सेविकांतली एकच कधीतरी सहायिका होणार, तीही सेवाज्येष्ठता यादी आणि आरक्षणाची बिंदुनामावली यांच्यातून वाट काढत, बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपास. आणि सहायिका झाली की तिचं रुग्ण बघणं कमी होतं, इतरांची रजिस्टरं तपासणं वाढतं. हाताला कसब असलेल्या माणसाला वर न्यायचं तर त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं, ही आपल्या प्रशासनाची जुनी सवय आहे. शाळेतल्या चांगल्या शिक्षकाचं मुख्याध्यापक झाल्यावर जे होतं, तेच इथेही.

सेविकेला अधिक जबाबदारीचं वैद्यकीय काम देता येईल का, हा प्रश्न खरं तर निकालात निघालेला आहे, आणि तोही आपल्याच देशात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक स्वस्त तपासणी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावायचं आणि मिनिटभर थांबून चांगल्या उजेडात बघायचं. पांढरट चट्टा उमटला तर संशय. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात प्रशिक्षित नर्सेसनी ही तपासणी हजारो बायकांची केली, आणि जिथे ती झाली तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू 35 टक्क्यांनी कमी झाले. 2007 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. मुंबईत टाटा मेमोरियलने तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांच्या या प्रयोगात तपासणी करणाऱ्या नर्सही नव्हत्या. किमान दहावी झालेल्या स्त्रियांना चार आठवडे शिकवून हे काम दिलं होतं. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटलेले दिसले.

जगात इतरत्र हीच वाट लोकांनी आधी चालून पाहिली आहे. अमेरिकेत 1965 साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाच्या साथीने ‘नर्स प्रॅक्टिशनर’ तयार करणारा पहिला कार्यक्रम सुरू केला. ग्रामीण भागातली मुलं डॉक्टरांविना होती आणि नर्सेस तिथे होत्याच. त्यांना तपासणी, निदान आणि साध्या आजारांचे उपचार पद्धतशीर शिकवावेत, एवढाच विचार त्यामागे होता. विरोध झाला, आणि तो डॉक्टरांइतकाच नर्सिंगच्या प्राध्यापकांकडूनही झाला. आमच्या पेशाला डॉक्टरांच्या दावणीला बांधू नका, असं त्यांचं म्हणणं.

मला त्याहून बोधप्रद वाटतो तो ब्रिटनचा अनुभव. तिथली डिस्ट्रिक्ट नर्स घरोघरी जाऊन जखमा बांधायची. कोणती पट्टी लागेल हे ती डॉक्टरपेक्षा चांगलं जाणायची, पण चिठ्ठीवर सही डॉक्टरची हवी, म्हणून ती दवाखान्याबाहेर ताटकळायची. 1986 मध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीने सांगितलं की ठरावीक औषधं आणि पट्ट्या लिहून देण्याचा अधिकार सरळ नर्सलाच द्या. कायदा 1992 मध्ये झाला, प्रत्यक्ष प्रयोग 1994 मध्ये सुरू झाले आणि प्रशिक्षित नर्सला जवळपास सगळी औषधं लिहिता येऊ लागली ती 2006 मध्ये. पट्टीपासून औषधाच्या संपूर्ण यादीपर्यंत पोचायला वीस वर्षं लागली. प्रत्येक टप्प्यावर आधी शिक्षण, मग नोंदणी, मग अधिकार, असा क्रम होता. आपल्याकडे बहुतेक वेळा आधी जबाबदारी येते, प्रशिक्षण नंतर जमेल तसं, आणि अधिकाराचं परिपत्रक कधीकधी निघतच नाही.

भारतात मोठा बदल झाला 2018 मध्ये. आयुष्मान भारत योजनेखाली देशातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’ करायचं ठरलं. आज त्यांच्या पाट्यांवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं दिसतं. बाळंतपण आणि लसीकरण यांच्या जोडीला बीपी, शुगर, तोंडाचा-स्तनाचा-गर्भाशयमुखाचा कर्करोग, मानसिक आरोग्य, म्हाताऱ्या माणसांची काळजी अशा बारा प्रकारच्या सेवा उपकेंद्रातच द्यायच्या. तिथे शंभरावर औषधं ठेवायची, चौदा तपासण्या करायच्या. हे सगळं एकटी एएनएम करू शकणार नाही म्हणून एक नवं पद आलं: समुदाय आरोग्य अधिकारी, सगळ्यांच्या तोंडी सीएचओ. त्यासाठी बीएस्सी किंवा जीएनएम नर्स, नाहीतर आयुर्वेदाचा पदवीधर घ्यायचा आणि त्याला सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम द्यायचा.

प्राथमिक आरोग्यातल्या नर्ससाठी स्वतंत्र भारतात उघडलेलं हे सर्वांत मोठं दार आहे, यात मला शंका नाही. पहिल्यांदाच हॉस्पिटलच्या वॉर्डात न जाता, गावातच राहून, रुग्ण तपासण्याच्या कामातच नर्सला अधिकारी होता येतं. सीएचओ ई-संजीवनी या ऑनलाइन सल्ला सेवेवर पीएचसीच्या किंवा जिल्ह्याच्या डॉक्टरशी रुग्णाचं बोलणं करून देते, डॉक्टरने एकदा सुरू केलेली बीपी-शुगरची गोळी दर महिन्याला देत राहते, आशाताईंनी तिशीपुढच्या माणसांच्या भरून आणलेल्या फॉर्मवरून कुणाला आधी तपासायचं ते ठरवते. गावातल्या म्हाताऱ्याला गोळीसाठी तालुक्याची एसटी धरावी लागत नाही, हा फायदा कुणीही मोजू शकतं.

पण महाराष्ट्राने या दारातून आत घेतलं ते मोठ्या संख्येने बीएएमएस डॉक्टरांना. कारण समजण्यासारखं आहे. राज्यात आयुर्वेद महाविद्यालयं भरपूर, पदवीधर हाताशी, आणि गावकऱ्यांना ‘डॉक्टर’ मिळाल्याचं समाधान. तरीही माझ्या मते यात एक संधी हुकली. जे पद नर्सिंगच्या पेशाची वरची पायरी होऊ शकलं असतं, ते इथे दुसऱ्या पेशातल्या तरुणांचं तात्पुरतं थांबण्याचं ठिकाण झालं. पदव्युत्तर प्रवेश मिळाला किंवा स्वतःचं क्लिनिक जमलं, की तो जातो, आणि उपकेंद्रात पुन्हा सेविकाच उरते.

शिवाय ज्या बाईपासून आपण सुरुवात केली, तिला या दारातून आत जाताच येत नाही. दोन वर्षांची एएनएम ही सीएचओसाठी पात्रता नाही. तिला आधी तीन वर्षांचं जीएनएम करावं लागेल, म्हणजे वसतिगृहात राहून, वॉर्डातल्या पाळ्या करून, विशी-बाविशीच्या मुलींच्या वर्गात बसून. तिने वीस वर्षांत केलेली बाळंतपणं, टोचलेली मुलं, वेळेत वर पाठवलेल्या जोखमीच्या गरोदर बायका यांचं या अभ्यासक्रमात एका दिवसाचंही वजन धरलं जात नाही. जीएनएम झालेल्या नर्सला पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. तिचं आधीचं शिक्षण तिथे जमेला धरतात. एएनएम ते जीएनएम या टप्प्यावर मात्र सगळं शून्यापासून. बीएस्सीच्या नव्या अभ्यासक्रमात तर सीएचओचं प्रशिक्षण सुरुवातीपासूनच गुंफलेलं आहे, म्हणजे आता कॉलेजातून थेट सीएचओ बाहेर पडते. तरुण मुलींसाठी हे उत्तम झालं. गावात आधीपासून असलेल्या बाईसाठी अंतर आणखी वाढलं.

त्यातून उपकेंद्राच्या त्या एका खोलीत जे नातं तयार होतं, ते कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत लिहिलेलं नाही. पंचविशीचा सीएचओ मुख्य खुर्चीवर, आणि गावातली निम्मी तरुण पोरं जिच्या हातावर जन्माला आली ती सेविका बाजूच्या टेबलाशी. तो तिला ‘मॅडम’ म्हणतो, ती त्याला ‘सर’ म्हणते, आणि गावकरी त्याला ओलांडून तिलाच विचारतात, ‘सिस्टर, हे औषध घेऊ का?’ पगाराची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. सीएचओ कंत्राटी: सुरुवातीला 25,000 रुपये ठरलेले आणि कामगिरीवर 15,000 पर्यंत. वीस वर्षं झालेल्या कायम सेविकेचा पगार बहुधा याहून जास्त. शेजारच्या उपकेंद्रातली कंत्राटी सेविका तेच काम या दोघांपेक्षा बऱ्याच कमी पैशात करते. 2024 मध्ये राज्य शासनाने दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याचा निर्णय घेतला, त्याने काहींचा प्रश्न सुटेल. पण एकाच छपराखाली तीन प्रकारच्या नोकऱ्या आणि एकाच कामाचे तीन हिशेब, ही स्थिती लगेच बदलत नाही. तरी बहुतेक ठिकाणी काम रेटलं जातं. माणसं समजूतदार असतात. नियम लिहिणाऱ्यांनी त्यावर किती भिस्त ठेवावी, हा वेगळा मुद्दा.

दुसरं एक दार प्रसूतीच्या बाजूने उघडतं आहे. 2018 च्या अखेरीस केंद्राने प्रसाविका सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सला दीड वर्षाचं प्रशिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ करायची आणि साधी, विनागुंतागुंतीची बाळंतपणं तिच्याच जबाबदारीवर सोपवायची. तेलंगणाने हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीने याआधीच सुरुवात केली होती. ज्या राज्यांत सिझेरियनचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं आहे, तिथे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मात्र इथेही एएनएम पात्र नाही. ‘प्रसाविका’ हा शब्द जिच्या अभ्यासक्रमाच्या नावातच आहे, तीच या रांगेत उभी राहू शकत नाही.

डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध हा या विषयातला नेहमीचा अडथळा समजला जातो, आणि तो आहेच. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या 32 व्या कलमात ‘समुदाय आरोग्य प्रदात्या’ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर काम बंद ठेवलं. गर्भपाताच्या कायद्याचंही तसंच. 2014 च्या दुरुस्ती मसुद्यात प्रशिक्षित परिचारिकांना सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गर्भपाताची परवानगी सुचवली होती. 2021 मध्ये प्रत्यक्ष दुरुस्ती झाली, तिच्यात ती नाही. डॉक्टरांची भीती पूर्णपणे खोटी म्हणता येणार नाही. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती स्टेरॉइड आणि सलाइन गेलं की काय होतं, हे आपल्या गल्लीबोळांत रोज दिसतं. पण नोंदणी असलेली, ठरावीक औषधांपुरता अधिकार असलेली, वर पाठवायला बांधलेली नर्स आणि गल्लीतला झोलाछाप यांत फरक करता येत नसेल, तर तो कायद्याच्या मसुद्याचा दोष आहे, नर्सचा नव्हे.

मला मात्र वाटतं की सेविकेची वाट डॉक्टरांपेक्षा आस्थापनेच्या टेबलांवर जास्त अडते. एएनएमसाठी सेवांतर्गत जीएनएम किंवा त्याच्या तोडीचा छोटा अभ्यासक्रम हवा. त्यात अनुभवाला श्रेयांक हवेत. शिकायला गेलेल्या काळात पगार सुरू हवा आणि तिच्या जागी बदली सेविका हवी. बदली माणूस नसला, तर अध्ययन रजेच्या अर्जावर वैद्यकीय अधिकारी सही करणार तरी कसा? पाच हजार लोकांचं गाव तीन वर्षं तो कुणाच्या हवाली करणार? सीएचओच्या काही टक्के जागा अशा शिकून आलेल्या सेविकांसाठी राखता येतील. कितीतरी सरकारी पदांवर खात्यांतर्गत बढतीचा कोटा असतो, त्यात नवीन काही नाही.

2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला; 1947 चा जुना नर्सिंग कौन्सिल कायदा त्याने मोडीत काढला. शिक्षणाचे टप्पे कसे जोडायचे आणि कोणत्या नर्सला कोणती कामं स्वतःच्या जबाबदारीवर करता येतील, याची चौकट दिल्लीत नव्याने आखायला आता वाव आहे. महाराष्ट्रातल्या सेविकेचे सेवाप्रवेश नियम मात्र वेगळ्याच ठिकाणी ठरतात. ती जिल्हा परिषदेची कर्मचारी, म्हणजे तिची नोकरी ग्रामविकास खात्याकडे. तिचं काम सार्वजनिक आरोग्य खात्याचं. आणि सीएचओ राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटावर. सेविकेला सीएचओ करायचं म्हटलं, तर त्या प्रस्तावाला या तिन्ही ठिकाणी सही लागते, आणि शेवटी पैशांसाठी तो वित्त विभागाकडे जातो.